मास्तरांचा आवाज आणि चार जीबीचं मशीन

थांबाबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. रुग्णालयाचा डेटाबेस, म्हणजे सगळ्या पेशंटांच्या नोंदींचं कोठार, त्या सांभाळायच्या. कुणीही घाईघाईने त्यांच्याकडे काही मागायला गेलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघे तो 'थांबा'. पासवर्ड विसरलात? थांबा. रिपोर्ट उघडत नाही? थांबा. कँटीन चालवणारे त्यांचे यजमान तर शपथेवर सांगत की लग्नाचं विचारलं तेव्हाही बाईंनी थांबाच म्हटलं आणि वर अकरा महिने थांबवलं. पाठीमागे पडलेलं हे नाव बाईंना चांगलं ठाऊक होतं, आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नसे.

वाचाउपचार विभागातल्या थेरपिस्टला मात्र त्या आवडत नसत. बाई हट्टी आहेत, साध्या कामाला तीन दिवस लावतात आणि वर समजावल्यासारखं बोलतात, असं तिचं पक्कं मत होतं. ते तिने चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. हे मत एका शनिवारी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे अवघ्या आठ तासांत, पार निकालात निघालं.

या थेरपिस्टचं एक खास काम होतं. घशाच्या कर्करोगात काही जणांचं स्वरयंत्रच काढावं लागतं. एकदा ते काढलं की आवाज गेला, कायमचा. म्हणून ऑपरेशनच्या आधी ती अशा पेशंटला आवाजबंद खोलीत बसवून त्याच्याकडून तीनशे-सव्वातीनशे वाक्यं वदवून घेई. पुढे हातातल्या टॅबलेटवर टाइप केलं की तो याच आवाजात बोले. ही सगळी ध्वनिमुद्रणं त्याच डेटाबेसमध्ये जमा होत. बाकी ते कसं चालतं, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

त्या आठवड्यातला तिचा पेशंट होता ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा, साठीला टेकलेला गृहस्थ. त्याला सगळे मास्तर म्हणत. बावीस वर्षं शेजारच्या सीटवर, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून बसून त्यांनी निम्म्या शहराला गाडी शिकवली होती आणि ती बहुतेक ओरडूनच शिकवली होती. मंगळवारी आणि बुधवारी मिळून त्यांनी तीनशे बारा वाक्यं बोलून दिली. त्यांतच यादीत नसलेलं 'क्लच सोडा, झोपू नका' हेही म्हणून घेतलं. शेवटी ते म्हणाले की एक वाक्य माझं खासगी आहे, बायकोसाठी. त्यांनी मास्तरीणबाईंना बाहेर पाठवलं, थेरपिस्टलाही पाठवलं, आणि स्वतःच बटण दाबून काहीतरी बोलले. बाहेर आल्यावर थेरपिस्टला विचारलं, की हे नीट राहील ना? ती म्हणाली, 'मी आहे ना मास्तर. तुमचा आवाज माझ्याकडे सुखरूप आहे.'

गुरुवारी सकाळी ऑपरेशन झालं. गुरुवारीच रात्री सर्व्हरच्या खोलीवरचा पाण्याचा पाइप फुटला आणि सर्व्हर अक्षरशः भिजून मेला.

शुक्रवारी मास्तर शुद्धीवर होते. गळ्यात नळी, हातात लहान मुलांची असते तसली पाटी. थेरपिस्ट दिसताच त्यांनी लिहिलं, 'आवाज आहे ना?' तिने 'आहे' म्हटलं. शनिवारी सकाळी पुन्हा तेच लिहिलं आणि तिनेही पुन्हा तेच सांगितलं. खरं तर आवाज आहे की नाही हे तिला माहीतच नव्हतं. वॉर्डातून ती निघाली ती तडक श्रवणचाचणीच्या खोलीत गेली. रुग्णालयात शिल्लक असलेलं एकमेव रिकामं मशीन तिथे होतं, आणि आयटीवाला तिथेच डोकं धरून बसला होता.

आयटीवाला हुशार होता, मेहनती होता आणि दोन रात्री झोपलेला नव्हता. त्याने तिला परिस्थिती सांगितली. सुदैवाने बॅकअपच्या डिस्क दुसऱ्या इमारतीत होत्या. रविवारी रात्रीची पूर्ण प्रत होती, आणि त्यानंतर गुरुवारपर्यंत जे जे घडलं त्याची ओळीने लिहिलेली नोंद, ज्याला ही मंडळी लॉग म्हणतात, तीही होती. रविवारची प्रत उघडायची आणि लॉगमधलं एकेक काम त्याच क्रमाने पुन्हा करत गुरुवारपर्यंत यायचं, असा सगळा मामला. नवा सर्व्हर यायला तीन आठवडे होते आणि मोठ्या साहेबांना सोमवारी सकाळी ओपीडी सुरू हवी होती. हाताशी होतं हे चार जीबी मेमरीचं म्हातारं मशीन. मेलेल्या सर्व्हरला चौसष्ट जीबी होती.

प्रतीबरोबर जुन्या सर्व्हरच्या सेटिंगही आल्या होत्या. त्यात लिहिलेलं होतं की सुरू होतानाच सोळा जीबी मेमरी स्वतःसाठी बाजूला काढ. चार जीबीच्या मशीनने हात वर केले. मग आयटीवाल्याने, कुणीही शहाणा माणूस करील तेच केलं. मशीन सोळापट लहान, तर प्रत्येक आकडा सोळापट लहान. मेमरी कमी, एका वेळी किती जण जोडले जाऊ शकतात तो सहाशेचा आकडा कमी करून चाळीस, जे दिसेल ते कमी. मशीन सुरू झालं, दोन सेकंद चाललं आणि बंद पडलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

'लॉग खराब झालाय,' तो म्हणाला. 'लॉग बाजूला टाकला तर रविवारची प्रत लगेच उघडेल. सोमवारी ओपीडी सुरू होईल.'

'आणि मंगळवार, बुधवार?'

'ते जाईल,' तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला चार दिवसांच्या नोंदी म्हणजे पुन्हा भरता येतील अशा नोंदी वाटत होत्या. मास्तर पुन्हा बोलू शकत नाहीत, हे तिने त्याला सांगितलं तेव्हा त्याचाही चेहरा उतरला. पण साहेबांचा फोन दर अर्ध्या तासाला येत होता, आणि त्याचं बोट कीबोर्डवर होतं.

तेवढ्यात थांबाबाई आल्या. शनिवार त्यांच्या सुट्टीचा. कँटीनमधून यजमानांनी फोन करून सांगितलं होतं की आयटीच्या पोराची अवस्था वाईट आहे, येऊन जा. पंचावन्नच्या पुढच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. दारातूनच त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि सवयीचा शब्द उच्चारला. थेरपिस्टला आयुष्यात पहिल्यांदा तो ऐकून बरं वाटलं.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की तू हे सगळं कुठल्या प्रतीवर करतोयस? प्रत एकच होती आणि आयटीवाला तिच्यावरच करत होता. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्याचा हात मनगटाला धरून कीबोर्डवरून अलगद उचलला, डिस्क काढली, दुसरी रिकामी डिस्क मागवली आणि आधी सगळं उतरवायला लावलं. तीनशे जीबी. तीन तास. साहेबांचा पुढचा फोन बाईंनीच घेतला, आणि पलीकडचं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या की दुपारपर्यंत यंत्राला कुणी हात लावणार नाही, तोवर मला अजिबात विचारू नका. साहेबही बहुधा हबकले, कारण नंतर फोन आला नाही.

उतरवणं चालू असताना त्यांनी श्रवणचाचणीच्या एका जुन्या आलेखाच्या पाठकोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'कमी करायचं', उजवीकडे 'हात लावायचा नाही'. मग बंद पडलेल्या मशीनचे शेवटचे शब्द आयटीवाल्याला मोठ्याने वाचायला लावले. त्यात साफ लिहिलं होतं: मूळ सर्व्हरवर हा आकडा सहाशे होता, इथे तो चाळीस आहे, म्हणून पुढे जाता येत नाही. यंत्राने कारण स्वतःच सांगितलं होतं. पण सुरुवातीला 'पुरत नाही, पुरत नाही' असलाच संदेश पाहिलेल्या माणसाने पुढचे पाचही तसलेच समजून वाचले नव्हते. आयटीवाल्याने कपाळाला हात लावला.

'पण बाई, चार जीबीत सहाशे जण कसे बसतील?'

बाईंनी त्याला जे सांगितलं ते थेरपिस्टलाही कळलं, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. बाई मुळात कॉम्प्युटरच्या नव्हत्याच. वयाच्या विसाव्या वर्षी त्या याच रुग्णालयाच्या तळघरात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या होत्या. समोर भोकांचा भलामोठा बोर्ड आणि हातात वायरी. एकदा तो बोर्ड दुरुस्तीला काढायचा होता आणि त्याच्या जागी छोटा बसवायचा होता. मुकादम म्हणाला, छोटा आहे, लाइनी कमी करा. बाईंनी विचारलं, आत्ता ज्यांचं बोलणं चालू आहे त्यांचं काय करू? एकेकाचं बोलणं संपू द्यायचं, मगच त्याची लाइन काढायची. 'लॉगमध्ये त्या चार दिवसांची चालू बोलणी आहेत,' बाई म्हणाल्या. 'तिकडे सहाशे लाइनी होत्या, म्हणून यंत्र सहाशेची यादी मांडायला जागा मागतं. नुसती यादी. यादीला मेमरी कितीशी लागते? बोलायला आज सहाशे जण थोडेच येणार आहेत. सगळं बोलून संपलं की मग कर चाळीस.'

तर डावीकडे गेली ती सोळा जीबीची मागणी. तिची अर्धा जीबी झाली. त्याखाली मेमरीच्या आणखी तीन मागण्या गेल्या, तितक्याच निर्दयपणे कापलेल्या. उजवीकडे पाच आकडे राहिले, जुन्या सर्व्हरवर होते तसेच, आणि त्यांच्याभोवती बाईंनी चौकट काढली. 'लहान घरात जाताना सामान कमी करता येतं, पण माणसं कमी करता येत नाहीत,' असं काहीसं त्या पुटपुटल्या, आणि आयटीवाल्याने ते वहीत लिहून घेतलं. सगळं सारखं लहान करणं हे त्याला न्यायाचं वाटलं होतं. काय लहान होतं आणि काय होत नाही हे ओळखायला बाईंना पंचवीस वर्षं लागली होती.

जेवायच्या वेळेला कँटीनमधून डबे आले. उतरवणं अजून संपलं नव्हतं. थेरपिस्टने मनापासून विचारलं, की बाई, तुम्हाला घाई कधी होतच नाही का?

'एकदा केली,' त्या म्हणाल्या. 'तळघरातून वर येऊन दोन वर्षं झाली होती. असंच मशीन, असेच साहेब. मी लॉग टाकून दिला. एका दिवसाच्या नोंदी गेल्या. त्या दिवशी नव्या जन्मलेल्या एकोणीस बाळांच्या कानांची तपासणी झाली होती. अठरा परत बोलावली. एकाचा पत्ताच नव्हता, पत्ताही त्याच दिवशी लिहिलेला. ती मुलगी चार वर्षांनी आली. दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं तिला, आणि चार वर्षं कुणाला कळलं नव्हतं. आईला वाटायचं हट्टी आहे, हाक मारली की बघत नाही.'

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ज्या बाईला थेरपिस्ट वर्षानुवर्षं आळशी आणि अडेल समजत आली होती तिच्याकडे तिला मान वर करून बघवेना, इतकी तिची तिलाच लाज वाटली.

दोनला मशीन सुरू झालं. दोन सेकंद गेले. दहा गेले. बंद पडलं नाही. आयटीवाल्याने सोडलेला श्वास शेजारच्या खोलीत ऐकू गेला असेल.

म्हातारं मशीन कुरकुरत होतं, डिस्क खरखरत होती. बाईंनी एक लहानशी आज्ञा टाइप केली, 'कुठवर आलास' अशा अर्थाची. पडद्यावर आलं: सोमवार, सकाळी नऊ बेचाळीस. थेरपिस्टला क्षणभर उमगेना. मग ध्यानात आलं. आत, त्या डब्यात, सोमवार पुन्हा उजाडला होता. जे पेशंट सोमवारी आले ते पुन्हा येत होते, ज्यांनी वेळ रद्द केली ते पुन्हा रद्द करत होते. बाई म्हणाल्या, की चुकादेखील होतात, त्याच क्रमाने, आणि त्यांची दुरुस्तीही त्याच क्रमाने. कुणी काही गाळत नाही आणि कुणी शहाणपणाही करत नाही.

मंगळवारी अकराच्या सुमारास थेरपिस्टने मास्तरांची पहिली वीस वाक्यं चुकून दुसऱ्याच एका पेशंटच्या नावावर चढवली होती, आणि लक्षात आल्यावर गुपचूप हलवली होती. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. साडेतीनच्या सुमाराला पडद्यावर मंगळवार अकरा चार आलं आणि ती खुर्चीत ताठ झाली. अकरा सोळा. अकरा एकतीस. म्हणजे चूक झाली, आणि निस्तरलीही. या जगात आपला एखादा दिवस कुणीतरी इतक्या इमानाने धरून ठेवलेला असतो, चुकीसकट, ही कल्पनाच तिने कधी केली नव्हती. देवळात गेल्यावरही तिला कधी वाटलं नव्हतं असं काहीतरी तिला त्या कळकट खोलीत वाटलं. तिने बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या. त्यांना हे रोजचं होतं, आणि रोजचं असूनही त्या पडद्यावरून नजर काढत नव्हत्या.

लॉगमधल्या बुधवारी दुपारी मशीन मंदावलं. ध्वनिमुद्रणं जड, डिस्क दमलेली. चार दोन. चार दोन. पुन्हा विचारलं, तरी चार दोन. आयटीवाला म्हणाला, मेमरी थोडी वाढवून पुन्हा सुरू करू का? बाईंनी नुसता हात वर केला. मास्तरांचं खासगी वाक्य चार दहाच्या पुढचं होतं. अकरा मिनिटं काहीच हललं नाही. मग चार पाच आलं. चार नऊ. चार एकोणीस. थेरपिस्ट रडायला लागली, आणि आयटीवाल्याने तिच्यापुढे कागदी रुमालाचा अख्खा खोका सरकवला.

पावणेसहाला गुरुवार रात्र आली, पाइप फुटला ती वेळ, आणि त्यापुढे काही नव्हतं. बाईंनी डेटाबेस उघडला. मास्तरांच्या नावापुढे मोजलं: तीनशे तेरा. थेरपिस्टच्या कागदावरही तीनशे बारा आणि एक. तिला एखादं ऐकून खात्री करायची होती. बाई म्हणाल्या, आवाज ज्याचा आहे त्याने आधी ऐकावा. मग आयटीवाल्याला जवळ बोलावून सहाशेचे चाळीस त्यांनी त्याच्याच हाताने करून घेतले.

वॉर्डात तिघेही गेले. मास्तर उशीला टेकून बसले होते, मास्तरीणबाई स्टुलावर. थेरपिस्टने टॅबलेट पुढे केला, पण द्यायच्या आधी सांगून टाकलं. 'मास्तर, मी दोन दिवस तुम्हाला आवाज आहे म्हणून सांगत होते. मला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे. या बाईंनी आणला.'

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. पाटीवर लिहिलं, 'शेवटचं लाव.' आणि बोट बायकोकडे केलं.

थेरपिस्टने लावलं. आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग मास्तर बोलू लागले, मोठ्याने, थोडे घोगरे, निम्म्या शहराच्या ओळखीच्या त्या आवाजात.

'ऐक. इतक्या लोकांना गाडी शिकवली आणि तुला मात्र एकदा भिंतीला गाडी घासलीस म्हणून ओरडून खाली उतरवलं. एकोणीस वर्षं तू पुन्हा बसली नाहीस. डिस्चार्जच्या दिवशी किल्ली तू घे. मी शेजारी बसतो. ओरडणार नाही. आणि हे आवाज असताना सांगून ठेवतोय, नाहीतर उद्या म्हणशील, आता काय, ओरडता येत नाही म्हणून गप्प आहेत.'

पलीकडच्या खाटेवरचा पेशंटही मान वळवून बघत होता. थांबाबाईंनी चष्मा काढून भिंतीकडे तोंड केलं होतं.

मास्तरीणबाईंनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि टॅबलेटकडे न बघता नवऱ्याकडे बघून विचारलं, 'तुमच्या बाजूचा ब्रेक चालू आहे ना?'

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. आवाज काहीच आला नाही, पण त्यांचे खांदे हसण्याने कितीतरी वेळ हलत होते.